संबळावर रिफ बसवायचा तर: मराठवाड्यातल्या लोकवाद्यांसह प्रोग्रेसिव्ह रॉक

गोंधळ्याच्या दारात जाताना गिटार घरी ठेवा. पहिल्या भेटीला तर नकोच. हातात वाद्य असलं की आपण ऐकत नाही, आपलं काय बसेल एवढंच शोधत राहतो. मी तसा गेलो होतो, आणि पहिले दोन महिने त्यात वाया गेले.

लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव, संभाजीनगर, कुठल्याही गावात दोन-तीन मित्र जमवून बँड करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गिटार-ड्रम येतात, लांब आणि अवघड रचना ऐकायची सवय आहे, आणि आता वाटतंय की आपल्या गाण्यात आपल्या मातीतलं काहीतरी वाजलं पाहिजे. ते वाटणं खरं आहे. फक्त शेवटी मिक्समध्ये चिमूटभर संबळ टाकून ते होत नाही. गाणं संबळापासूनच सुरू करावं लागतं.

आधी थोडं बाहेरचं ऐकून घ्या

प्रोग्रेसिव्ह रॉक १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये आकाराला आला. लांब रचना, मध्येच बदलणारे ताल, आणि नेहमीच्या गिटार-बेस-ड्रमपलीकडची वाद्यं ही त्याची ओळख. किंग क्रिमसन या इंग्लिश बँडच्या १९७३च्या अल्बमवर जेमी म्युअर नावाचा तालवादक होता. तो अल्बम उघडतो तोच आफ्रिकन अंगठा-पियानोच्या टिणटिणाटानं, आणि पुढं पत्रे, साखळ्या, घंटा असं काय काय वाजतं. माइक ओल्डफील्ड या इंग्लिश संगीतकारानं १९७५ साली आयरिश पाइप्ससाठी पॅडी मोलोनी यांना बोलावलं आणि त्याच रेकॉर्डवर जबुला या आफ्रिकन वादकांच्या गटाचे ढोल घेतले. तुर्कस्तानात एर्किन कोराय या रॉक गायकानं लोकगीतांतला बाग्लामा, म्हणजे लांब मानेचं तंतुवाद्य, इलेक्ट्रिक केला.

माझ्या मते आपल्याला सगळ्यात जवळचा धडा चिलीच्या लोस हाइव्हास या बँडचा आहे. १९८१ साली त्यांनी पाब्लो नेरुदांच्या माचू पिचूवरच्या कवितेवर अख्खा अल्बम केला. त्यात अँडीज पर्वतातली केना बासरी, सांपोन्या (नळ्यांची बासरी) आणि चारांगो (लहान तंतुवाद्य) ही वाद्यं पियानो आणि इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी बरोबरीनं उभी आहेत. त्यांना मुख्य चाल दिलीय, नुसती सजावट म्हणून आणलेली नाहीत. आपल्या देशात इंडियन ओशन हा बँड आणि कर्नाटक संगीताच्या पायावर उभा असलेला बेंगळुरूचा अगम ऐका. ऐकताना एकच गोष्ट टिपा: लोकवाद्य काढून टाकलं तर गाणं उभं राहतं का? राहत असेल, तर ते वाद्य तिथं पाहुणं आहे.

मग गावात जा

गोंधळ हा लांब रचनेचा आपला स्वतःचा नमुना आहे, हे मला फार उशिरा कळलं. आधी देवतांना आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, एकेकीचं नाव घेऊन "गोंधळा ये" म्हणून बोलावणं. मग गण, मग रात्रभर चालणारं आख्यान, त्यात गाणं, बोलणं, विनोद, पुन्हा गाणं, आणि पहाटेला आरती. लय एका जागी थांबत नाही, हळूहळू चढत जाते. इंग्लंडमधल्या बँडनी एलपीच्या एका बाजूभर, वीस-बावीस मिनिटांची एकच रचना केली तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं! आपल्याकडं लग्नानंतर अंगणात दिवटी पेटवून अख्खी रात्र एक रचना चालते.

ऐकायला कुठं जायचं? लग्नघरचा गोंधळ सगळ्यात चांगला, कारण तिथं वादक आपल्या माणसांत असतो. नवरात्रात तुळजापूरला आराध्यांची गाणी ऐका. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेत जा. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी भेटतील. पण यात्रेत आणि लग्नसराईत कलावंतांना बोलायला सवड नसते. बसून शिकायचं असेल तर पावसाळ्यात जा. आषाढ-श्रावणात त्यांची कामं कमी असतात आणि घरी निवांत भेटतात.

पहिल्या रात्री मोबाईल खिशात ठेवा. नुसते मांडीवर हात मारून मोजा. मी असाच बोटं मोजत बसलो होतो, तेव्हा संबळ वाजवणारे मामा मध्ये थांबल्यावर म्हणाले, "बोटं मोजायलास कशाला? पायाकडं बघ की." खरंच, त्यांचा उजवा पाय समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, जमिनीवर टेकत होता, दरवेळी, न चुकता. हातांत कितीही गुंतागुंत चालू असो, पाय सांगत होता की आपण कुठं आहोत. तेव्हापासून मी कुठल्याही लोकवादकाच्या आधी पायाकडं बघतो.

वाद्य एकच निवडा

सुरुवातीला चार वाद्यं एकदम आणू नका. एक घ्या आणि वर्षभर त्याच्याबरोबर राहा.

संबळ म्हणजे दोन लहान नगाऱ्यांची जोडी, एकमेकींना बांधलेली. एक तोंड लहान आणि टणक आवाजाचं, दुसरं मोठं आणि घुमणारं. कमरेला बांधून उभ्यानं दोन काड्यांनी वाजवतात, आणि एका काडीचं टोक वाकडं असतं. जवळून बघा: मोठ्या तोंडावर ती काडी आपटून लगेच उचलली की एक आवाज, क्षणभर टेकवून ठेवली की दुसरा, दबलेला. रॉकच्या ड्रमरला हे शिकायला वेळ लागतो, कारण त्याला काडी उसळू द्यायची सवय असते. संबळाचा आवाज मोठा आणि धारदार असतो, इलेक्ट्रिक गिटारपुढं तो दबत नाही. पहिल्या गाण्यासाठी मी डोळे झाकून संबळच सुचवेन.

चौंडकं मला फार प्रिय आहे. रेणुका-यल्लमाच्या भक्तांच्या हातात दिसतं. पोकळ नळकांड्याच्या तळाला कातडं, त्यातून निघालेली एकच तार, आणि तारेचं दुसरं टोक डाव्या हातातल्या मुठीला. मूठ खेचली की तार ताणते आणि सूर वर चढतो, सैल सोडली की खाली घसरतो. म्हणजे खुंटी नाही, पडदे नाहीत, सूर सगळा मनगटात. सिंथेसायझरवर सूर घसरवण्यासाठी आपण चक्र फिरवतो, गिटारवर तार ओढतो. इथं ते वाद्याच्या मुळातच आहे. फ्रेटलेस, म्हणजे बिनपडद्याच्या, बेसशी त्याची जोडी सुंदर जमते. दोघंही एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, आणि कोण कुठं थांबतंय हे बघण्यातच रंगत येते. चौंडक्याचे ठोके आणि सूर वेगळे काढता येत नाहीत, म्हणून त्याला मोकळी जागा द्या. त्याच्यावर वेगवान गिटार चढवली की सगळा चिखल होतो.

तुणतुणं साधं दिसतं, एक तार, एक खुंटी, एकच सूर. म्हणून नवखे लोक त्याला कमी लेखतात. पण शाहिराच्या मागं उभं राहून ऐका. तो सूर धरतो आणि त्याच वेळी लयही चालवतो, तंबोरा आणि हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) एकाच वाद्यात. अख्खं गाणं एका सुरावर उभं करायचं असेल तर याच्यापेक्षा चांगला सोबती नाही.

हलगी, म्हणजे आपल्याकडचं डफडं, ताकदीचं वाद्य आहे. एका हातात आखूड जाड काडी, दुसऱ्या हातात लांब पातळ. बारीक काडीची भरणी आणि जाड काडीचा ठोका असं दुहेरी काम चालतं. हलगीबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्या. ज्या समाजांनी पिढ्यानपिढ्या ती वाजवली, त्यांना गावानं वाजवायला लावलं पण मान दिला नाही. आंबेडकरी चळवळीनंतर अनेक घरांनी गावकीचं वाजवणं ठरवून सोडलं. त्यामुळं एखाद्या घरी "तुमच्याकडं तर येतच असेल ना, वाजवा की" असं तोंडातून निघू देऊ नका. जे आज कलावंत म्हणून हलगी वाजवतात त्यांच्याकडं विद्यार्थी होऊन जा. आणि पोतराजाचा आसूड किंवा पेहराव स्टेजवरची सजावट म्हणून वापरू नका. तो कुणाच्या तरी हालाखीचा आणि श्रद्धेचा भाग आहे.

दिमडी लहान आणि चपळ, वाघ्याच्या हातातली. विकत घेताना एवढं बघा की कातडं घोरपडीचं नको. पूर्वी तेच वापरत, पण घोरपडीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शेळीच्या कातड्याची घ्या. टाळ, चिपळ्या, पखवाज तर घराघरात आहेत, त्यांच्यासाठी गावातल्या भजनी मंडळात जाऊन बसा.

सूर जुळवताना

इथं बहुतेकांचं अडतं. तुम्ही विचारता, "सूर कुठला?" आणि उत्तर येतं, "काळी चार." ही पेटीची भाषा आहे. पांढरी एक म्हणजे गिटारवाल्यांचा सी, पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए. काळ्या पट्ट्यांत काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. हे पाठच करा.

गोंधळी आणि शाहीर उंच पट्टीत गातात, कारण त्यांना माइकशिवाय अख्ख्या अंगणाला ऐकू जायचं असतं. त्यांना "जरा ई मध्ये गा" म्हणून खाली उतरवू नका, गळ्याचं तेज जातं. तुम्ही कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबणारा चिमटा, लावा. काळी चारसाठी चौथ्या पडद्यावर कॅपो लावून ई चा आकार धरला की झालं. बेसवाल्याला मात्र नवीन जागी बोटं बसवावी लागतील, त्याला आठवडाभर वेळ द्या.

आणखी एक. चौंडकं ट्यूनरवर बसवायचा प्रयत्न करू नका. त्याला तुणतुण्याच्या किंवा तंबोऱ्याच्या सुराजवळ येऊ द्या आणि तिथं सोडा. त्याचा सूर दर ठोक्याला थोडा हलतो, आणि तो हलायलाच हवा.

आता ठेका, मग रिफ

आमची सगळ्यात मोठी चूक इथं झाली. आम्ही सात मात्रांचा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, तयार करून नेला आणि मामांना म्हणालो, याच्यावर वाजवा. ते वाजवत होते, पण त्यांचा पाय टेकत नव्हता. तो पाय टेकत नाही म्हणजे ठेका चालत नाही.

गोंधळाची चाल बऱ्याचदा सहाच्या वजनात ऐकू येते. तीच राहू द्या. सहाचं सौंदर्य असं की तिनाचे दोन गट धरा किंवा दोनाचे तीन, दोन्ही बसतं. संबळ तिनाचे दोन गट वाजवत असताना गिटारनं दोनाचे तीन ठोके दिले की लगेच ओढाताण सुरू होते, आणि मात्रा एकही बदललेली नसते. नवख्या बँडनं पहिला महिना यावरच घालवावा.

त्यानंतर सात. संबळ सहात, गिटार सातात, मात्रेचा वेग दोघांचा एकच. दोघं समेवर एकत्र निघतात. पुढच्या वेळी गिटार एक मात्रा उशिरा पोचते, मग दोन, मग तीन. गिटारचा रिफ सहा वेळा आणि संबळाचा ठेका सात वेळा झाला की बेचाळीस मात्रा पुऱ्या होतात आणि त्रेचाळिसाव्या मात्रेला दोघं पुन्हा एकत्र. मामांना काही वेगळं करावं लागत नाही, ते आपली चाल चालतात. गुंतागुंत सगळी गिटारच्या डोक्यावर. ती एकत्र यायची जागा जवळ आली की अंगणात बसलेली माणसं न सांगता सावरून बसतात, हे मी बघितलंय.

भजनातला पखवाज किंवा तबला वाजवणारा असेल तर त्याला सात नवा नाही, रूपक आहे: तीन-दोन-दोन. झपताल दहाचा: दोन-तीन-दोन-तीन. अशा वादकाला आकडे सांगण्यापेक्षा तालाचं नाव सांगा, काम पटकन होतं. आणि त्याच्याकडून तिहाई शिका. सातची दोन आवर्तनं म्हणजे चौदा मात्रा. समेपासून पाच मात्रांचा एक तुकडा मध्ये न थांबता तीनदा वाजवा, पंधरा होतात. तिसऱ्या तुकड्याची शेवटची थाप बरोबर पुढच्या समेवर पडते. गिटार, बेस आणि पखवाज तिघांनी मिळून ही तिहाई घेतली तर गाण्याचा एक भाग संपवून दुसऱ्यात शिरायला याच्याइतकी पक्की उडी नाही.

क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात एकसारखी टिकटिक, लावून लोकवादकाला वाजवायला बसवू नका. त्यांची लय चढते, ती चूक नाही, तीच रचना आहे. आधी संबळ आणि गाणं एकत्र रेकॉर्ड करा. मग सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या समेवर खुणा करत जा आणि ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेघा, त्यांच्या लयीला वाकवा. काम कंटाळवाणं आहे, दहा मिनिटांच्या गाण्याला एक अख्खा रविवार जातो. पण मग ड्रम आणि गिटार त्यांच्या चालीनं चालायला लागतात.

रेकॉर्डिंग, आणि आपलं हवामान

महागडा स्टुडिओ लागत नाही. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, दोन साधे डायनॅमिक माइक, एक लॅपटॉप. रीपर हे सॉफ्टवेअर साठ दिवस फुकट वापरून बघता येतं. खोलीत गाद्या, गोधड्या टांगा.

संबळाला माइक फार जवळ लावू नका. एका स्नेहसंमेलनात आमचा माइक तोंडाच्या चार बोटं अंतरावर होता, पहिल्याच ठोक्याला आवाज फाटला आणि पूर्ण कार्यक्रमभर तो तसाच फाटत राहिला. हातभर लांब, थोडा वरून, दोन्ही तोंडांच्या मध्ये रोखून ठेवा. इनपुटची पातळी ठरवताना वादकाला हळू नाही, शेवटच्या चढत्या लयीत वाजवायला सांगा, कारण खरा जोर तिथं असतो. मोठ्या तोंडाचा घुमारा बेस गिटारच्या जागेत येतो, तेव्हा त्या भागात बेसनं कमी वाजवावं. इक्वलायझरनं संबळाचं पोट कापण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

तुणतुण्याला पिझो पिकअप, म्हणजे वाद्याचं कंपन पकडणारी छोटी चकती, चिकटवता येतो. तो लाइन इनपुटमध्ये घातला तर आवाज पत्र्यासारखा येतो. गिटारसाठीच्या इनपुटमध्ये घाला, मग तो भरतो. डिले पेडलमधून (आवाजाचा पडसाद देणाऱ्या पेटीतून) काढलेलं तुणतुणं ऐकलंत तर थक्क व्हाल, पण डिलेचा वेळ ठेक्याशी जुळवून घ्या.

कातड्याचं वाद्य हवेवर चालतं. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, कातडं ताणून सूर चढतो, कधी चिरतंही. पावसाळ्यात सैल पडतं. जुलैत लातूरला आम्ही हलगी रेकॉर्ड करत होतो. वादकदादांनी अंगणात रद्दी पेटवली, हलगी तिच्यावर धरून गोल फिरवली, मध्ये मध्ये बोटानं टकटक करून बघितलं. आधी आवाज बोदा, मग हळूहळू घट्ट, मग एकदम खणखणीत. आत आणून दोन टेक झाले आणि तिसऱ्यात सूर खाली आला. त्यांनीच तोड सांगितली: दोन हलग्या आणायच्या, एक वाजत असताना दुसरी शेकायची. प्लास्टिकच्या पानाच्या, नटबोल्टनं आवळायच्या हलग्या मिळतात आणि सूर टिकतो, पण ठोक्यातली ऊब कमी होते. स्टेजवर त्या चालतील, रेकॉर्डिंगला मी कातड्याचीच घेईन.

वीज जाणार हे धरूनच चाला. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून रेकॉर्ड केलं तर अर्थिंग नीट नसलेल्या घरातली घरघरही बऱ्याचदा जाते. दर टेकनंतर सेव्ह करा.

पैसे आणि नाव

मानधन आधी ठरवा, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशीच हातात द्या. येण्याजाण्याचा खर्च वेगळा. लग्नसराईत बोलावलं तर त्यांची सुपारी बुडते, तेवढं धरून आकडा सांगा. गाण्यावर त्यांचं नाव बँडच्या सदस्यांच्या रांगेत हवं, "विशेष आभार" मध्ये नको. त्यांनी घराण्यातलं आख्यान किंवा चाल दिली असेल तर तसं स्पष्ट लिहा. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये वादक-गायकांचे स्वतंत्र हक्क मान्य केलेले आहेत, तेव्हा उत्पन्नात वाटा किती हे साध्या मराठीत एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या लेकराला बसवून वाचून दाखवा.

आणि विचारून घ्या. काही घरांत पूजेतला संबळ गोंधळाशिवाय बाहेर काढत नाहीत, त्यासाठी वेगळी जोडी असते. काही पदं अंगणातल्या विधीतच म्हणायची असतात. नाही म्हणाले तर ते पद सोडा, दुसरं मागा.

पहिलं कच्चं मिक्स झालं की इंटरनेटवर टाकायच्या आधी त्यांच्याकडं घेऊन जा. आमचं गाणं आम्ही एका ब्लूटूथ स्पीकरवर मामांच्या अंगणात लावलं. ते खाटेवर बसून ऐकत होते, चेहऱ्यावर काहीच नाही. आम्ही मात्र त्यांच्या उजव्या पायाकडं बघत होतो. पाय टेकत होता. तिसऱ्या मिनिटानंतर एका जागी तो हवेतच थांबला, मग दोन मात्रांनी पुन्हा टेकला. मामा म्हणाले, "इथं काहीतरी खाल्लंय तुम्ही." घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग उघडलं. कापाकापी करताना तिथली एक मात्रा आमच्या हातून गेली होती. ती परत जोडली आणि पुढच्या रविवारी स्पीकर घेऊन पुन्हा गेलो.